आपल्या झाडीतून सरपण काढायचं तर आधी वाढ मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वारशाने आलेली दोन एकर मिश्र झाडी आहे, पंधरा-वीस वर्षं तिला कुणी हात लावलेला नाही. घराला वर्षाला साधारण पाच टन जळण लागतं. ते सगळं याच झाडीतून निघावं आणि झाडीही राहावी, अशी तुमची इच्छा आहे. एकाने सांगितलं, फक्त वाळलेली झाडं काढा, हिरव्याला हात लावू नका. दुसऱ्याने सांगितलं, एका कडेने साफ करत चला, मागे आपोआप फुटत येईल. शिवाय कोपऱ्यातल्या पोकळ म्हाताऱ्या झाडाचं काय करावं, हेही तुम्ही विचारलंय.

दोघांच्याही सांगण्यात तथ्य आहे, पण दोघांनीही तुमची झाडी नीट पाहिलेली दिसत नाही, आणि मीही पाहिलेली नाही. झाडं कोणत्या जातीची आहेत, माती किती खोल आहे, पाणी किती मिळतं, चरणारी जनावरं आत येतात का, यावर उत्तर बदलतं. म्हणून मी आकडा सांगत बसत नाही, तो तुमचा तुम्ही कसा काढायचा ते सांगतो. गेली सव्वीस वर्षं मी स्वतःची आणि ओळखीच्या काही जणांची अशी लहान झाडी राखतोय. त्यात जे पटलं आणि जे चुकलं, त्यावरून लिहितोय.

आधी एक कागदाची गोष्ट उरकून घेऊ. जमीन तुमची असली तरी झाड तोडायला, आणि तोडलेलं लाकूड रस्त्याने न्यायला, अनेक ठिकाणी परवानगी लागते. कोणत्या जातीला लागते आणि कोणत्या जातीला नाही, हे जागोजागी वेगळं असतं. कुऱ्हाडीला धार लावण्याआधी संबंधित कार्यालयात विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आता मूळ गोष्ट. तुम्ही "किती तोडू" असं विचारलंत. मी हा प्रश्न दोन तुकड्यांत पाहतो: दरवर्षी झाडीत नवं लाकूड किती तयार होतं, आणि जिथून झाड गेलं तिथे पुढचं झाड कुठून येणार. पहिल्याचं उत्तर टेप देते, दुसऱ्याचं उत्तर जमिनीकडे वाकून पाहिल्यावर मिळतं. सरपणासाठी संपलेली जी झाडी मी पाहिली, तिथे बहुतेक वेळा तोड फार मोठी नव्हती. तोडीनंतर उगवलेलं जगलं नव्हतं.

हा विचार जुनाच आहे. सॅक्सनीतल्या खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड पुरेनासं झालं, तेव्हा तिथल्या खाणखात्याचे अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ मध्ये लिहिलं की लाकूड काढणं आणि नवं वाढवणं यांचा मेळ राहिला पाहिजे. आज आपण ज्याला शाश्वत वापर म्हणतो, त्यासाठीच्या जर्मन शब्दाचं मूळ त्यांच्याच लिखाणात दाखवतात. म्हणजे ही कल्पना जळणाच्या टंचाईतून आलेली आहे, आणि तुमचा प्रश्न थेट तिच्या मुळाशी जातो.

वाढ मोजायला महाग उपकरण लागत नाही. ५ मीटर ६४ सेंटिमीटर लांबीची दोरी घ्या. झाडीत एक खुंटी ठोका, दोरीचं एक टोक तिला बांधा आणि ताणलेल्या दोरीने गोल फिरा. त्या वर्तुळाचं क्षेत्र जवळजवळ १०० चौरस मीटर होतं. अशी पाच-सहा वर्तुळं करा, पण आपल्याला आवडलेल्या दाट जागा निवडून नव्हे. ठरावीक पावलं चालायची आणि जिथे थांबाल तिथेच खुंटी ठोकायची, मग ती जागा विरळ असो की दगडाळ. वर्तुळातल्या प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवरचा घेर मोजा, तिथेच रंगाची बारीक रेघ मारा आणि वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात त्याच रेघेवर पुन्हा टेप लावा. रेघ नसेल तर सगळा खटाटोप वाया जातो. टेप चार बोटं वर-खाली सरकली तरी वर्षाची वाढ आकड्यातून नाहीशी होऊ शकते.

घेरावरून लाकूड काढण्याचा हिशेब असा. घेराचा वर्ग, गुणिले उंची, भागिले १२.५७. हे झालं सरळ नळकांड्यासाठी. झाड वर निमुळतं होत जातं, म्हणून आलेल्या उत्तराचा साधारण ४५ टक्के भाग धरायचा. समजा, झाडाचा घेर ६० सेंटिमीटर आणि उंची १० मीटर आहे. खोडाचं लाकूड सुमारे ०.१३ घनमीटर येतं. वर्षभराने घेर ६३ झाला. घेर वाढला ५ टक्के, पण लाकूड वाढलं १० टक्के, कारण हिशेबात घेराचा वर्ग आहे. ही वाढ सुमारे ०.०१३ घनमीटर होते. मध्यम घनतेच्या लाकडात ते पूर्ण कोरडं असताना ८ किलो, आणि हवेत नीट वाळलेल्या सरपणाच्या वजनात १० किलो भरतं.

लाकडाच्या वखारीत कुणी तुम्हाला घेराच्या चौथ्या हिश्शाचा वर्ग गुणिले लांबी असं सूत्र सांगेल. तो जुना हॉपस हिशेब आहे, आणि तो खऱ्या घनफळाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच दाखवतो. व्यापारात तो चालतो, पण वाढ मोजताना दोन पद्धती मिसळू नका.

तुमच्या दोन एकरांत अशी ३०० झाडं असतील आणि सगळी याच वेगाने वाढत असतील असं धरलं, तर वर्षाची वाढ ३ टन वाळलेल्या सरपणाएवढी झाली. त्यातलं काही वादळात पडणार, काही रोगाने मरणार, काही आपल्या मोजण्यातच चुकलेलं असणार. मी वाढीच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त काढत नाही. म्हणजे २ टन. हे उदाहरण आहे, तुमचा आकडा नाही. दर हेक्टरी वर्षाला एखाद्या टनापासून ते चांगल्या पाण्यावर लावलेल्या जलद वाढणाऱ्या झाडांत दहा टनांच्या वरपर्यंत वाढ मिळू शकते, इतका फरक पडतो. पण दोन एकर म्हणजे जेमतेम ०.८ हेक्टर. तिथून पाच टन काढायचं तर हेक्टरी सहा टनांच्या वर वाढ हवी, आणि आपोआप वाढलेल्या मिश्र झाडीकडून मी ती अपेक्षा धरणार नाही.

इथे घाबरून जाऊ नका, कारण पाच टनांचा आकडाही तपासायला हवा. तुम्ही ते लाकूड तोडल्या तोडल्या तोललंत की वाळल्यावर? ताज्या लाकडाच्या वजनात बहुतेकदा निम्मं पाणी असतं. पाच टन ओल्या लाकडात खरं लाकूड अडीच टन. तेच वाळून २० टक्के ओलीवर आलं की वजन सव्वातीन टनांच्या आत येतं. त्यामुळे तुमची गरज पाच टन आहे की तीन, हे आधी ठरू द्या. मला अशा प्रश्नांत जवळजवळ प्रत्येक वेळी हाच घोळ सापडतो. लोक गाडीभर ओलं लाकूड मोजतात आणि वाढ मात्र सुक्या लाकडाची काढतात.

वाळवण हा विषय मला झाडतोडीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. कोरड्या लाकडात जातीनुसार थोडा फरक सोडला तर किलोमागे साधारण १८ ते १९ मेगाज्यूल उष्णता असते. निम्मं पाणी असलेल्या एक किलो ओल्या लाकडातून हाती लागते सुमारे ८, आणि २० टक्के ओल असलेल्या एक किलोतून सुमारे १४. आता कुणी म्हणेल, पाणी उडून गेलं म्हणून वजन कमी झालं, लाकूड तर तेवढंच आहे. बरोबर आहे. त्याच एका लाकडाचा हिशेब केला तर पाणी उकळण्यात वाया जाणारी उष्णता दहा-बारा टक्केच निघते. मोठा तोटा दुसरीकडे होतो. ओलं लाकूड जाळाला थंड करतं, लाकडातून निघणारे वायू न जळता धूर होऊन निघून जातात, आणि धुराड्यात काजळी व डांबरासारखा थर धरतो. त्या थराला पुढे कधी आग लागली तर घर धोक्यात येतं. म्हणून नीट वाळवलेल्या सरपणामुळे दरवर्षी काही झाडं उभी राहतात असं मी म्हणतो, तेव्हा ते शब्दशः खरं असतं.

लाकडात पाणी तंतूंच्या दिशेने झरझर सरकतं आणि तंतूंना आडवं फार हळू. त्यातून साल तर पाणी धरूनच ठेवते. म्हणून लांब ओंडका सालीसकट पडून राहिला तर वर्षभराने आत ओलाच निघतो, आणि बाहेरून कुजायलाही लागतो. तोडल्यावर लगेच चुलीच्या किंवा शेगडीच्या मापाचे तुकडे करा. मनगटापेक्षा जाड असतील ते फोडा. ओलं लाकूड फोडायला बहुतेक जातींत सोपं जातं. गाठाळ आणि पिळाच्या तंतूंचं लाकूड मात्र घण आणि पाचर घेतल्याशिवाय हलत नाही. थप्पी जमिनीपासून वीतभर उंच, खाली दोन आडवी लाकडं टाकून, वाऱ्याच्या वाटेवर रचा. झाकायचं फक्त वरून. चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलेली थप्पी मी उघडून पाहिली आहे. आत बुरशीचा पांढरा लेप होता आणि वास तळघरासारखा कोंदट. बारीक फोडलेलं हलकं लाकूड एका कोरड्या हंगामात तयार होतं, जड आणि घट्ट लाकडाला दोन वर्षं लागतात.

वाळलं की नाही हे ओळखायला दोन तुकडे एकमेकांवर आपटा. ओले तुकडे भद्द वाजतात, वाळलेले टणटणीत. टोकाला गाभ्यातून बाहेर जाणाऱ्या चिरा दिसतात, साल हाताने सुटते. ओल मोजायचं यंत्र वापरत असाल तर दोन गोष्टी पाळा. तुकडा नव्याने फोडून आतल्या ताज्या बाजूवर सुया टोचा, बाहेरून टोचू नका. आणि हे लक्षात ठेवा की ही यंत्रं सहसा सुक्या लाकडाच्या प्रमाणात ओल सांगतात. यंत्राने २५ दाखवले तर एकूण वजनातलं पाणी २० टक्के आहे.

आता कोणती झाडं. इथे सरपण काढणाऱ्याला एक सोय आहे, जी इमारती लाकूडवाल्याला नाही. वाकडं, दुफाटी, गाठाळ, दाबलं गेलेलं झाड चुलीत सरळ झाडाइतकंच चांगलं जळतं. त्यामुळे सगळ्यात वाईट झाड आधी काढायचं आणि चांगलं झाड बियाण्यासाठी व सावलीसाठी ठेवायचं. उलटं केलं, म्हणजे सरळसोट आणि फोडायला सोपी तेवढीच नेली, तर वीस वर्षांनी झाडीत फक्त खुरटी उरतात आणि बी त्यांचंच पडत राहतं.

माझी पद्धत अशी आहे. झाडांवर पानं असताना रंगाचा डबा घेऊन फिरायचं. पानं गळाल्यावर मेलेली फांदी आणि झोपलेली फांदी यात फरक कळत नाही, म्हणून खूण पानांच्या दिवसांत आणि तोड विश्रांतीच्या दिवसांत. आधी ठेवायची झाडं ठरवतो, तोडायची नंतर. दोन एकरांत साठ-सत्तर उत्तम झाडं निवडा: शेंडा भरलेला, साल निरोगी, आणि जाती जमेल तितक्या वेगवेगळ्या. मग प्रत्येकाखाली उभं राहून वर पाहा. याच्या शेंड्याला कोण दाटी करतंय? त्या शेजाऱ्यावर खूण. शेंड्याला दोन-तीन बाजूंनी आभाळ मोकळं झालं की राहिलेलं झाड पुढच्या काही वर्षांत घेर वाढवून तुम्ही काढलेल्या शेजाऱ्याची भरपाई करतं. झाडीची एकूण वाढ बऱ्याच मोठ्या मर्यादेत तितकीच राहते, फक्त ती कमी झाडांवर आणि जाड खोडांवर चढते. याच कारणाने तुमच्यासारख्या दाटलेल्या झाडीतून पहिली तीन-चार वर्षं वाढीपेक्षा थोडं जास्त काढलं तरी चालतं. पण ती एकदाची सूट आहे, तिच्यावर घराची सवय बसवू नका. आणि अशी विरळणी करताना एका वेळी कुठल्याही तुकड्यातली एक तृतीयांशापेक्षा जास्त झाडं काढू नका. दाटीत वाढलेली झाडं उंच आणि किरकोळ असतात. एकदम उघडी पडली तर पहिल्याच वादळात आडवी होतात, आणि मोकळ्या उन्हात गवत व वेली इतक्या माजतात की रोपटी दिसेनाशी होतात.

"फक्त वाळलेली काढा" हा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. वाळलेलं उभं झाड चटकन जळणायोग्य होतं हे खरं. पण तेवढंच काढत राहिलात तर जिवंत झाडांची दाटी तशीच राहते, आणि खाली पडून मऊ झालेल्या ओंडक्यात जाळण्यासारखं फारसं उरलेलंही नसतं. बुरशीने ते आधीच खाल्लेलं असतं. ते तिथेच राहू द्या.

"एका कडेने साफ करत चला, मागे फुटत येईल" हा सल्ला काही जातींच्या बाबतीत उत्तम आहे आणि काहींच्या बाबतीत झाडी संपवणारा. साग, निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प, ओक, चेस्टनट, हेझल, विलो ही झाडं बुंध्यातून जोरात फुटतात. पाइन आणि बहुतेक सूचिपर्णी झाडं फुटत नाहीत, सुरूचाही फुटवा भरवशाचा नाही. त्यांची जागा बियाणं किंवा रोपच भरून काढणार. फुटणाऱ्या जातीतही फार म्हातारं, जाड सालीचं झाड तोडलं तर बुंधा मुका राहण्याची शक्यता मोठी असते. तुमच्या झाडीत कोणती जात कशी वागते हे कळायला पहिल्या वर्षी प्रत्येक जातीची तीन-चारच झाडं तोडा आणि बुंधे पाहत राहा. एक वर्ष थांबल्याने तुमचं काही बिघडणार नाही.

फुटव्यावर चालणारी झाडी किती टिकते याला इतिहास साक्षी आहे. इंग्लंडमधल्या सफोकमध्ये ब्रॅडफिल्ड नावाचं वन आहे. तिथे १२५२ पासून बुंध्यावरून तोड आणि पुन्हा फुटवा असं चक्र चालू आहे. झाडाचं वय त्याच्या मुळांत असतं, वरचं लाकूड दर वेळी नवं येतं. तयार मुळांचा पसारा खाली असल्यामुळे फुटवा पहिल्याच वर्षी माणसाच्या कमरेच्या, कधी डोक्याच्याही वर जातो. बियाण्याचं रोप तेवढ्या काळात गवतातून मान वर काढायला धडपडत असतं.

पण फुटवा जगला तर. मी सुरुवातीच्या वर्षांत एक तुकडा तोडला होता, पाव एकराहून थोडा कमी. तोड नीट झाली, काप स्वच्छ होते. दोन महिन्यांत बुंध्यांवर सालीतून लालसर कोंब फुटले, एकेका बुंध्यावर तीस-चाळीस. मी खूश होऊन घरी गेलो. कुंपण पुढच्या आठवड्यात घालू म्हटलं आणि तो आठवडा लांबत गेला. मग एका दुपारी शेळ्यांचा कळप आत शिरला. मी पोचलो तेव्हा प्रत्येक बुंधा बोटांनी चिमटल्यासारखा सफाचट होता. ते पुन्हा फुटले, पण कमी आणि बारीक, आणि ते पुन्हा खाल्ले गेले. तिसऱ्या वेळी निम्मे बुंधे फुटलेच नाहीत. मुळांत साठवलेली शिदोरी प्रत्येक फुटव्यात खर्च होते, आणि पानं लागून ती भरून येण्याआधीच फुटवा गेला तर झाड आतून उपाशी मरतं. त्या तुकड्यात आजही मोकळी जागा आहे. तेव्हापासून मी आधी कुंपण घालतो, मग तोडतो. कुंपण जमत नसेल तर तोडलेल्या काटेरी फांद्यांचा ढीग बुंध्याभोवती रचतो. कोंब जनावराच्या तोंडापलीकडे जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन वर्षं, ही राखण लागते.

शिदोरीच्या याच गोष्टीवरून तोडीचा काळही ठरतो. झाड विश्रांतीत असताना अन्न मुळांत आणि बुंध्यात साठलेलं असतं. नवी पालवी फुटायच्या थोडं आधी तोडलं तर सगळा जोर फुटव्यात येतो. पालवी नुकतीच पूर्ण आली असताना तोडलं तर साठा पानांत खर्चून बसलेला असतो, आणि फुटवा दुबळा येतो. पक्ष्यांच्या विणीचे दिवसही त्याच सुमाराला असतात, ते टाळले जातात हा आणखी एक फायदा.

काप जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटरवर, थोडा तिरका, म्हणजे पाणी साचणार नाही. साल फाटता कामा नये, कारण कोंब सालीखालूनच येतात. झाड पाडताना इतक्या खाली वाकून काम करणं धोक्याचं असतं. म्हणून मी आधी सोयीच्या उंचीवर झाड पाडतो आणि मग उरलेला खुंट दुसऱ्या कापाने खाली आणतो. वर्ष-दीड वर्षाने फुटवे विरळ करायचे: प्रत्येक बुंध्यावर बाहेरच्या बाजूचे, खालून निघालेले दोन-तीन जोमदार ठेवायचे.

तुमच्या जागी मी असतो तर दोन एकरांचे दोन भाग केले असते. एका एकरात वर सांगितल्याप्रमाणे निवडून विरळणी, कायम सावली. दुसऱ्या एकरात, जिथे फुटणारी झाडं जास्त आहेत तिथे, आठ तुकडे, प्रत्येकी साधारण ५०० चौरस मीटर, आणि वर्षाला एक तुकडा. आठव्या वर्षानंतर पुन्हा पहिल्यावर यायचं. तुकडा शक्यतो चौकोनी असू द्या, लांबट अरुंद पट्टी नको, कारण शेजारच्या झाडांची सावली पट्टीवर दिवसभर पडते आणि फुटव्याला तर ऊन हवं असतं. जमीन उताराची असेल तर एकाखाली एक तुकडे सलग वर्षांत तोडू नका. आठ वर्षं हा आकडाही पक्का समजू नका. उबदार, पाणी असलेल्या जागी जलद झाडं चार-पाच वर्षांत मनगटापासून पोटरीइतकी जाड होतात, थंड प्रदेशात ओकला पंधरा-वीस वर्षंही लागतात. मनगटाएवढं जाड लाकूड फोडावं लागत नाही, आणि वय होत गेलं की हा मुद्दा मोठा वाटायला लागतो.

वाढीचा आकडा गरजेला पुरला नाही तर बांधावर किंवा मोकळ्या पट्ट्यात फुटणाऱ्या जलद जातींची एक-दोन ओळी रोपं लावा. सुबाभूळ लावणार असाल तर शेंगा पिकायच्या आत छाटत राहा, नाहीतर तीच झाडी होऊन बसेल.

इथवरचं थोडक्यात: या वर्षी वर्तुळं आखून घेर मोजायचे, पानं असताना खुणा करायच्या, विश्रांतीच्या काळात वाईट झाडं आणि चाचणीची थोडी झाडं काढायची, कुंपण आधी घालायचं, आणि लाकूड पुढच्या वर्षासाठी रचून ठेवायचं. या वर्षीचं जळण बाहेरून घ्यावं लागलं तरी घ्या. एक वर्ष पुढे राहिलात की ओलं जाळण्याची वेळ कधी येणार नाही. फक्त ते बाहेरचं लाकूड फार लांबून आणू नका. सालीखालच्या किडी सरपणाबरोबर प्रवास करतात. २००२ मध्ये अमेरिकेत मिशिगनमध्ये सापडलेला ॲश नावाची झाडं पोखरणारा हिरवा भुंगा असाच दूरवर पोचला आणि त्याने कोट्यवधी झाडं मारली. आणि कण्हेर, रंग दिलेलं किंवा रसायन मुरवलेलं लाकूड चुलीत घालू नका. त्याचा धूर विषारी असतो.

झाड पाडण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी दोन शब्द लिहितो, कारण याच कामात माणसं मरतात. पडायच्या बाजूला खोडाच्या व्यासाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी खाच, मागून थोडा वरच्या अंगाला काप, आणि दोन्हींच्या मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी न कापलेली पट्टी. ती पट्टी म्हणजे बिजागरी. झाड तिच्यावर वळून पडतं, ती पूर्ण कापली की झाड कुठेही जातं. सुरुवात करण्याआधी मागे तिरक्या दिशेने पळायची वाट साफ करून ठेवा. झाडाच्या दुप्पट उंचीच्या आत दुसरं कुणी नको, पण हाकेच्या अंतरावर एक माणूस हवाच. दुसऱ्या झाडात अडकून राहिलेल्या झाडाखाली कधीही जाऊ नका, ज्यात ते अडकलंय ते झाड तोडायला तर मुळीच नको. यंत्राची करवत कुणाकडून तरी समोर उभं राहून शिकल्याशिवाय हातात घेऊ नका. शिरस्त्राण, डोळ्यांवर जाळी आणि पायांवर करवतीला अडवणारं आवरण हे तिन्ही असूनही मी पावसात आणि वाऱ्यात काम थांबवतो.

पानं आणि बोटाएवढ्या काटक्या घरी नेऊ नका. खोडाच्या लाकडात जमिनीतून घेतलेली पोषकद्रव्यं थोडी असतात, पानांत, सालीत आणि कोवळ्या फांद्यांत ती दाटलेली असतात. जाड तेवढं न्या, बारीक तिथेच पसरून द्या. स्वच्छ लाकडाची राख उरली तर तीही झाडीत पातळ विखरा, त्यात चुना आणि पालाश असतं. एकाच जागी ढीग मात्र नको.

राहिलं ते कोपऱ्यातलं पोकळ झाड. ते ठेवा. त्यात जाळण्याजोगं घट्ट लाकूड वाटतं त्यापेक्षा फार कमी असतं. घुबड, सुतार पक्षी, वटवाघळं, मधमाश्या यांना अशी ढोली दुसरीकडे लवकर मिळत नाही, आणि यातले किडी खाणारे शेजारी तुमच्या उरलेल्या झाडांची राखण करतात. शिवाय पोकळ खोडात बिजागरीला लाकूडच नसतं, त्यामुळे ते कुठे पडेल हे अनुभवी माणसालाही सांगता येत नाही. ते वाटेवर किंवा घरावर झुकलेलं असेल तरच हात लावा, आणि तेव्हाही जाणत्या माणसाकडून वरचा भार उतरवून घेऊन खोड उभं ठेवा.

वर्तुळं आखून झाली की कोणत्या जाती निघाल्या, घेर किती आले आणि आधी कधी तोडलेले बुंधे असतील तर ते फुटलेत का, एवढं कळवा. तेवढ्यावरून तुमच्या आठ तुकड्यांचा क्रम लावून देतो.